‘गोरा’आधीची तारका

सर,

तुमच्यावर राग आहे म्हणून लिहायला बसले. गेलेल्या माणसावर चिडणं म्हणजे भिंतीशी भांडणं, ठाऊक आहे. तरी चिडलेय.

सक्करदऱ्याच्या तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, एका कडेला चहाचं पातेलं, दुसऱ्या कडेला टाइपरायटर, त्यात तुमच्या शब्दांच्या पुस्तकाचं पान. तुम्ही सांगताय, रशियन, बल्गेरियन वगैरे भाषांच्या मूळ भाषेत डोंगराला ‘गोरा’ म्हणत असणार, आपल्या ‘गिरी’चा चुलतभाऊच तो. पण बल्गेरियात तोच शब्द जंगलाला लावतात. मग आधी डोंगर की आधी जंगल, म्हणून मी हटून बसलेय. "पारशिवनीकडं जाऊन पाय वं," तुम्ही म्हणता, "डोंगर कुठं संपते अन् जंगल कुठं सुरू होते, सांग मले." असा शब्द कुणीही लिहून ठेवलेला नसतो, मागाहूनच्या भाषांवरून जुळवलेला असतो. म्हणून त्याच्याआधी तारकेची खूण (*) हवीच, नाहीतर तो अंदाज पुरावा म्हणून खपवल्यासारखा होतो. टाइपरायटरवर तारका नव्हती. तुम्ही जागा सोडायचात, मी लाल शाईने भरायची.

त्या दिवशी मला मौद्याला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. "झालं काय वं?" तुम्ही विचारलंत. "झालं, सर," मी म्हटलं. ‘गोरा’च्या प्रकरणात एकही तारका दिलेली नव्हती. परत येऊन देऊ, असं मनात म्हटलं, तोवर तुम्ही प्रकाशकाकडे जाणारं बाड पोस्टात टाकून आलात. प्रकाशकाच्या परीक्षकांनी लिहिलं, मनाने रचलेले शब्द खरे म्हणून दिले आहेत. तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत. "ती पानं तुले द्यायची मीच विसरलो असीन. वय झालं आता." त्यानंतर पुस्तकाला हात लावला नाहीत. काहून, सर? पाठवण्याआधी एकदा पानं उलटून पाहायला काय झालं होतं? पोरीच्या एका ‘झालं’वर कुणी इतका विश्वास ठेवतं? मला हाकलून दिलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मात्र स्वतःलाच विसराळू ठरवून बसलात.

आता तुमची मुलगी ते पुस्तक छापतेय आणि प्रस्तावना मी लिहायची आहे. काल तिचा फोन आला. "बाबा शेवटी बहुत विसरून राहिले होते ना ताई, तेवढं सांभाळून लिहा." तुम्ही काहीच विसरत नव्हता. हे तिला लिहायचं सोडून मी तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही.

फोनवर मी तिला म्हटलं, "हो, लिहिते सांभाळून."