मिथुनले एका सामन्यात बसवलं त्याची हकीकत

सावली, गुरुवार

आदरणीय वामनराव भाऊजी,

तुमाले आणि ठमाबाईले माझा आणि आशाबाईचा सप्रेम जय भीम. इथी सगळे खुशाल आहेत (एक सोडून, त्याच्याबद्दल खाली येते, तोपर्यंत घाबरू नका). ठमाबाईची कंबर कशी आहे? तुमच्या नाक्यावर अस्वल आलं होतं म्हणे, ते गेलं का? तुम्ही वनरक्षक, तुमाले अस्वलाची सवय. मले ह्या दहा दिवसांत सावलीच्या लोकांनी जेवढं भेववलं, तेवढं अस्वलानं भेववलं नसतं. फोनच केला असता, पण तुमच्या सिरोंचाकडचा टॉवर पंधरा दिवसांपासून बंद आहे. आणि खरं सांगतो, टॉवर चालू असता तरी पत्रच लिहिलं असतं, कारण फोनवर तुम्ही मले दुसरं वाक्य बोलू देत नाई.

तर येत्या रविवारी वैनगंगा फुटबॉल लीगची फायनल आहे, इथीच, सावलीच्या मैदानावर. आपला जय वैनगंगा क्लब फायनलमध्ये, मी त्याचा मॅनेजर (तुमाले माहीत आहे, पण लिहाले बरं वाटते), आणि क्लबचा मेन खेळाडू तुमचा मिथुन. तुम्ही पोरगं माह्या भरवशावर चार महिन्यांसाठी इथी ठेवलं, त्यानं तेरा सामन्यांत एकोणीस गोल केले. आता फायनल पाहाले नागपूरच्या एका मोठ्या क्लबचा माणूस येऊन राह्यला, खास मिथुनसाठी. पसंत पडला तर वर्षभराचा करार, राहणं-खाणं त्यांच्याकडं, पुढं काय काय होईल कोणाले माहीत. पोराचं सारं त्या नव्वद मिनिटांवर टांगलेलं आहे.

म्हणूनच मी डोकं चालवलं. मागच्या रविवारी एटापल्लीसोबत लीगमधला शेवटचा सामना होता, पण आपण फायनलमध्ये आधीच पोहोचलो होतो. हरलो काय, जिंकलो काय, काही फरक नव्हता. टीव्हीवर पाहतो ना आपण, मोठमोठे क्लब अशा वेळी मेन खेळाडूले बसवून ठेवतात, उगाच पाय मोडू नये म्हणून. मी कमिटीत तेच मांडलं. म्हटलं, मिथुनले विश्रांती देऊ. आमचे अध्यक्ष गुणवंतराव माह्या तोंडाकडं असे पाहाले लागले जसं मी मैदानात धान पेराले सांगितलं. विश्रांती कशाची, म्हणे. आठवड्यात एकदा दीड तास धावते पोरगा, माहे बैल सकाळपासून चिखलात असतात, ते कधी विश्रांती मागत नाई. आणि पोस्टरवर फोटो मिथुनचा आहे, लोक ट्रॅक्टर भरभरून त्याले पाहाले येतील, तो ठणठणीत असून बसला तर सामना विकला म्हणून आपल्यालेच चोपतील.

भाऊजी, आपल्याकडं धडधाकट माणूस नुसता बसून राहाची दोनच कारणं आहेत. एक तर तो आजारी असला पाहिजे, नाईतर सासुरवाडीले आलेला जावई. मिथुनचं लग्न व्हायचं आहे, म्हणून त्याले आजारी पाडणं भाग होतं. मी त्याले बोलावलं आणि सांगितलं, आजपासून तुझा गुडघा दुखते, लंगडत चाल. तो म्हणे, खरंच लंगडू, मामा? म्हटलं, मन लावून लंगड. कोणता गुडघा ठरवाचा म्हणून मी इचार करून राह्यलो, तर तो पटकन म्हणे, उजवा. आणि तिथून जो लंगडत निघाला, काय सांगू! आपल्या झाडीपट्टीत एवढ्या नाटक मंडळ्या आहेत, एकीतही असा नट नसेल. मी तर पाठीमागून पाहून थक्क झालो. ठमाबाईवर गेला असेल, तुमच्या घराण्यात नट कुठले.

पण आपल्या लोकांचं तुमाले माहीतच आहे. दुखणं ऐकलं की कोणी घरी बसत नाई. संध्याकाळपर्यंत माह्या ओसरीवर पाय ठेवाले जागा नव्हती. कोणी मोहाच्या बियांचं तेल आणलं, कोणी रुईची पानं गरम करून बांधली, साक्षी नर्सबाई पट्टी गुंडाळून गेली, तिच्या पाठीमागून आलेल्या म्हातारीनं ती सोडून हळदीचा लेप दिला. जो येईल तो गुडघा दाबून पाहे, इथी दुखते का, तिथी दुखते का. पोरगं बिचारं हू नाई की चू नाई, दात दाबून बसलं होतं (केवढं ते काम!). आशाबाईनं सगळ्याइले चहा करून करून दूध संपवलं आणि तो राग माह्यावर काढला. म्हणे, पोरगं महिनाभरापासून जेवाले मांडी घालून बसत नाई, तुमाले दिसत नाई का. म्हटलं, बाई, तू नाटकाच्या आधीपासूनच प्रेक्षक झाली का?

सामन्याच्या दिवशी तर कळसच झाला. एटापल्लीच्या टीमसोबत चैतू आला होता, हाडं बसवणारा, तिकडं त्याचं लय नाव आहे. दुश्मनाचा माणूस, पण मनाचा मोठा. म्हणे, एवढा चांगला पोरगा पडून आहे, मी पाहतो. मले घाम फुटला. म्हटलं, आता पितळ उघडं पडते. त्यानं गुडघा हातात घेतला, अंगठ्यानं एका जागी दाबलं, आणि मिथुन असा किंचाळला की सामना थांबला. चैतू गंभीर चेहरा करून म्हणे, आतून ढिला झाला आहे, ह्यानं दोन-तीन महिने धावू नये. भाऊजी, हसू दाबता दाबता माहे डोळे भरून आले. चैतूसारखा माणूस फसला! लोकाइले वाटलं मामा रडून राह्यला. सामना आपण चार गोलनं हरलो, दोन खुर्च्या मोडल्या, मले मुताऱ्यांच्या मागून घरी जा लागलं, पण माही योजना पार पडली.

एवढीच हकीकत. मिथुन मजेत आहे, खाते-पिते. तब्येतीले जपा, ठमाबाईले कंबरेले शेक द्याले सांगा.

तुमचा साळा,
मुखरू

ता. क. लिहाचं तेच राह्यलं. सोमवारपासून मी मिथुनले सांगून राह्यलो, आता नाटक संपलं, प्रॅक्टिसले चाल. तर तो दोन चक्कर मारून बसते आणि म्हणते, मामा, दुखते. चाळीस लोकाइनं दुखते दुखते म्हटलं, पोराच्या मनानंच घेतलं! मी चिडलो, समजावलं, आशाबाईकडून शिव्या खाल्ल्या, काही फायदा नाई. तुमचा शब्द तो मोडत नाई. तुमच्या हातानं दोन ओळी लिहा, की काही झालं नाई, उठ आणि रविवारी खेळ, आणि ज्या गाडीनं हे पत्र येते तिच्याच ड्रायव्हरजवळ, मंगरूजवळ, परत पाठवा. खरं पाहिलं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा, शुक्रवार सकाळ. काल सिरोंचाची गाडी आलीच नाई म्हणून पत्र खिशातच राह्यलं. लय बरं झालं. आज मी मागच्या दारानं विहिरीकडं गेलो, मिथुन आंघोळ करून उठत होता. मी आलो हे त्याले माहीत नव्हतं. आजूबाजूले कोणीच नव्हतं, भाऊजी. त्यानं रहाटाचा खांब धरला, दुसऱ्या हातानं गुडघा धरला, तीनदा प्रयत्न केला तवा उठला. मग विहिरीच्या तीन पायऱ्या लहान लेकरासारखा बसून बसून उतरला. म्हटलं, कधीपासून? म्हणे, नवव्या सामन्यापासून. म्हटलं, सांगितलं काऊन नाई? म्हणे, पोस्टर छापून आले होते, मामा. तुम्ही लंगड म्हटलं तवा लय बरं वाटलं, महिनाभरानं पहिल्यांदा मोकळं चालाले भेटलं. मी तिथीच विहिरीच्या काठावर बसलो आणि पोरासमोर रडलो.

त्याचं नाव मी फायनलमधून काढलं आहे. नागपूरवाल्याले फोन केला, तो नुसता बरं म्हणाला आणि फोन ठेवला. येते की नाई, काही कळत नाई. गुणवंतरावले सांगितलं की गुडघा खरंच गेला आहे, तर त्यानं डोळा मारला आणि म्हणे, शाबास मुखरू, फायनलले काय डाव आहे? कमिटीतले सगळे हसले. सामन्यानंतर मीच फुशारकीनं त्याइले नाटक सांगितलं होतं, ते आता गावभर झालं आहे. रविवारी ट्रॅक्टर भरून लोक येतील आणि मिथुनले ओढून मैदानात उभा करतील, आणि तो नाई म्हणणार नाई, हे मी आता ओळखून आहे. वरच्या दोन ओळी लिहू नका. तुम्ही स्वतःच या, शनिवारी रात्रीपर्यंत या, मले काय बोलाचं ते इथी येऊन बोला, मी दुसरं वाक्य बोलणार नाई. पोराले आपण दोघं चंद्रपूरच्या डॉक्टरकडं नेऊ. माह्यावर तर आता कोणी विश्वास ठेवत नाई. तुमाले पाहून तरी लोक मानतील. बाप काही नाटकासाठी ड्युटी सोडून एवढ्या लांब येत नाई.