आप्पांच्या आधी कुणी चढायचं नाही

माळटाकळी,
ता. १७ ऑगस्ट १९६९

ती. सौ. भानुताईस,
श्रीनिवासाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सोलापुरात झोपाळ्यावर बसून मला आळशी म्हणतेस, हे बरं आहे! चार इयत्तांना मी एकटा मास्तर. सकाळी सातला प्रार्थना, मग दुपारपर्यंत घसा कोरडा. आईचे गुडघे तसेच. तुझी लाडकी भावजय शैला तुला नमस्कार सांगते आणि लोणच्याची बरणी परत मागते.

गाव तू ओळखायची नाहीस. सव्वासातची पॅसेंजर औरंगाबादला गेली की इथं बाया, म्हातारी माणसं आणि माझी शाळा, बाकी नुसता वारा. चाळीस माणसं त्या गाडीनं जातात. कारकून, शिंपी, दूधवाले, गिरणीतले. सोयरिकी डब्यात जुळतात, भांडणं डब्यात मिटतात. परवा पंचायतीची सभासुद्धा डब्यातच उरकली, सरपंचांना संध्याकाळी कळलं.

आणि हे सगळं आपल्या आप्पांमुळं. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर पळालेली घरं परत आली, तेव्हा माळावर रूळ होते पण गाडी थांबत नव्हती. आप्पांनी उर्दूत अर्ज केला. उत्तर येईस्तोवर कचेरीची भाषाच बदलली. मग मराठीत केला, मग इंग्रजीत. पन्नास साली गाडी थांबली आणि पहिले आप्पा चढले. तेव्हापासूनचा रिवाज तुला ठाऊकच आहे, आप्पांच्या आधी कुणी चढायचं नाही. गार्डही तोवर शिट्टी देत नसे.

आता जे सांगायचं ते सांगतो. दोन वर्षांमागं पेन्शन झाली तेव्हा, आता माझी वाट पाहू नका, असं आप्पांनीच लोकांना सांगितलं होतं, पण मागच्या महिन्यात आप्पांनी एका सकाळी कोट चढवला, काळी टोपी घातली आणि आईकडं डबा मागितला. आईला वाटलं थट्टा करतात, तिनंही भरून दिला. ते स्टेशनावर गेले, लोक सवयीनं बाजूला झाले आणि आप्पा चढले. कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी कडूबा दूधवाल्यानं हाताला धरून घरी आणलं. कचेरीत फार काम होतं, असं आप्पा आईला सांगत होते. त्यानंतर रोज तेच चाललंय.

तू काळजी करू नकोस म्हणालो तरी करशीलच. माया आहे तशीच राहू दे.
तुझा, श्रीनिवास

सोलापूर,
ता. २५ ऑगस्ट १९६९

चि. श्रीनिवासास अनेक आशीर्वाद.

आप्पांचं असं झालंय आणि तू पंचायतीच्या गमती कसल्या लिहितोस? अरे, ज्या माणसाला आपण पेन्शनीत आहोत हे आठवत नाही, त्याला शहरात एकटं सोडता? स्टेशनवर उतरून ते जातात कुठं? किलेअर्कातली त्यांची जुनी कचेरी तरी आता राहिली आहे का?

तू त्यांना थांबव, नाहीतर माझ्याकडं आणून सोड. ह्यांनाही मी विचारलंय, ते आनंदानं हो म्हणाले. लाजू नकोस, लेकीचं घर म्हणजे काही परकं नाही. आईलाही आण. लोणच्याची बरणी फुटली, शैलाला सांग. मीच फोडली.

उलट टपाली लिही. तुमच्या सगळ्यांत माझा जीव अडकलाय.
तुझी, ताई

माळटाकळी,
ता. १४ सप्टेंबर १९६९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. थांबवून पाहिलं. एक दिवस कोट लपवला, तर आप्पा सदऱ्यावरच दारात उभे राहिले आणि आपल्याला कामावरून काढलं का, असं आईला विचारत राहिले. लहान मुलासारखे रडले गं. वडिलांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीच कोट काढून दिला.

सोलापूरला पाठवायचा विचार केला, पण तिथं सव्वासातची गाडी कुठून आणणार? ती त्यांची नाडी आहे. शिवाय गावानं वाटून घेतलंय. सोमवारी ते कडूबाच्या दुधाच्या गाड्यापाशी बसतात. मंगळवारी गुलमंडीत बद्रीनाथ शिंप्याच्या दुकानात, तिथं बटणं निवडतात. बुधवारी आणखी कुणी. चाळीस माणसांचं लक्ष आहे, मी एकटा किती ठेवणार? खरं सांगू, मला जरा सुटल्यासारखंही झालंय. हे आईला कळवू नकोस.

विश्वास असू दे.
तुझा, श्रीनिवास

माळटाकळी,
१ नोव्हेंबर

भानुताईसाहेबांना कडूबाचा रामराम.

मास्तरांची तार तुम्हाला भेटली असंल. त्यांचा हात लिहायला उठत नाय, म्हनून म्या लिहितो. चार यत्ता त्यांच्यापाशीच शिकलो, चुकलं तर माफी.

आप्पा मंगळवारी हरवले. कसं झालं ते सांगतो, लपवत नाय. आप्पा पहिले चढले, रोजच्यावानी. शेतकीतल्या कारकुनानं जागा दिली. टेसनात म्या हात देऊन खाली उतरवलं. गेटापस्तोर गिरणीवाल्या पोरांनी आनलं. मंगळवार बद्रीनाथचा, म्हनून म्या कॅन घेऊन शहागंजला गेलो. पोरांना वाटलं बद्रीनाथ मागं येतोय. आन् बद्रीनाथ त्या दिवशी गाडीलाच नव्हता, त्याच्या लेकीला ताप होता. त्याला वाटलं, चाळीस जन हायेत, कोनी तरी बसवून घेईल. सांजच्याला गाडीत सगळे एकमेकांकडं बघाया लागले. ताईसाहेब, चाळीस मानसांचा एक म्हातारा, आन् आमी कोनाच्याच हाती दिला नाय.

लई हुडकलं. घाटी दवाखाना, मशिदी, देवळं. म्या दौलताबादच्या किल्ल्याच्या पायऱ्यासुदिक पाहून आलो. किलेअर्कात एक बुढा चौकीदार भेटला. तो म्हनला, काळ्या टोपीवाले एक साहेब आले व्हते, लई अदबीनं उर्दूत बोलत व्हते, जुनं दफ्तर कुठं हाय इचारत व्हते. त्यानं सांगितलं की ते दफ्तर कवाच मुंबईला गेलं. साहेब शुक्रिया म्हनले आन् टेसनाकडं निघाले.

आमाला शिव्या द्या, पन मास्तरांना बोलू नका. ते जेवत नायत. आमच्यावर जी माया व्हती ती आता कोन्या तोंडानं मागू?
कडूबा

सोलापूर,
ता. १० नोव्हेंबर १९६९

चि. श्रीनिवासास आशीर्वाद.

त्या दफ्तरामागं आप्पा मुंबईच्या गाडीत बसले असतील म्हणून हे मनमाडला जाऊन आले, तिथून मुंबईलाही. बोरीबंदरला दोन दिवस बाकड्या-बाकड्यांवर माणसं पाहत फिरले. पोलिसांनी फोटो मागितला. आप्पांचा फोटो एकच निघाला, माझ्या लग्नातला, आणि त्यात त्यांनी डोळे मिटलेत.

मी तुला खूप बोलणार होते. चार पानं लिहिली आणि फाडली. तू काय करायला हवं होतंस ते मला आता सांगता येत नाही रे. मीही इथं बसून नुसती पत्रंच लिहिली. आईकडं बघ. ती कुंकू लावते ना? लावू दे. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

यंदा दिवाळीचा फराळ मी केला नाही. जेव बाबा, तेवढं माझ्यासाठी कर.
ताई

माळटाकळी,
ता. २२ फेब्रुवारी १९७०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आप्पांचा पत्ता नाही. तुझ्या सगळ्या पत्रांना हेच एक उत्तर होतं, म्हणून लिहिलं नाही.

इथली एक गोष्ट सांगतो. आप्पा हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली, दारं उघडी, पण पुढं कुणी पाऊल टाकीना. गार्ड शिट्टी हातात धरून उभा. पाच-सहा मिनिटं गेली. वरून विचारणा झाली, गार्डाला बोलणं खावं लागलं, तरी रोज तेच. शेवटी कडूबा आणि बद्रीनाथ घरी आले. दोघं उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, मास्तर, तुम्ही चढा, नाहीतर गार्डाची नोकरी जाईल. मी शाळेची वेळ अकराची करून घेतली. आता रोज सव्वासातला मी पहिला चढतो, शहरात दीड तास शोधतो आणि उलट्या गाडीनं परत येतो. शोधतो म्हणजे काय, त्याच त्या रस्त्यांनी चालतो. आता चहावालेही विचारत नाहीत.

आई कुंकू लावते. डबाही भरते. पहिल्या दिवशी माझ्या हातात देऊन म्हणाली, भेटले तर भुकेले असतील. तो डबा मी स्टेशनावर एखाद्या म्हाताऱ्याला देतो आणि रिकामा घरी आणतो. आई तो घासताना भाजी आवडली वाटतं, एवढंच म्हणते. तिला खरं काय ते कळतं की नाही, हे विचारायचं धाडस मला नाही. शैलालाही नाही.

काल गाडी उशिरा होती, शाळेच्या घाईत डबा कुणाला द्यायचाच राहिला. घरी आल्यावर आईनं उचलला, तर जड लागला. तिनं उघडून पाहिला. ताई, मी तिथंच उभा होतो. तिनं झाकण लावलं आणि डबा गायीपुढं रिकामा केला.

आज पहाटे चुलीपाशी गेलो तर ती भाकरी थापत होती. डब्यात दोन असतात, तिनं तीन घातल्या. काल ते उपाशी राहिलेत, म्हणाली.

तू एकदा येऊन जा. आम्हाला तुझ्या मायेची गरज आहे.
तुझा, श्रीनिवास