अडीचचा मुहूर्त

चि. नूपुर,

त्या दिवशी तुला पाहायला पाहुणे येणार होते, आणि तुझा हा संस्कृतचा मास्तर असलेला काका हॉस्पिटलात फोनवर फोन करत होता.

"काका, शिफ्ट बदलताना वॉर्डातल्या पोरांकडे लक्ष नसतं. दुसरी सिस्टर येऊन राहिली, थांबा ना."

"अवं, अडीचचा मुहूर्त तुझ्या वॉर्डासाठी थांबणार आहे का?"

तू तिची वाट न पाहता दोनला निघालीस. चारच मिनिटांत एका तीन वर्षांच्या मुलाचं हृदय बंद पडलं. छाती दाबायला कुणी पोचेपर्यंत उशीर झाला. मूल वाचलं नाही. काल चौकशीत तू माझं नावही घेतलं नाहीस.

मुहूर्त पंचांगात नव्हताच, बाळा. पाहुण्यांना लवकर वाटेला लावून मला दुपारची झोप काढायची होती, म्हणून मीच तो रचला, फोनवर ऐकवलेल्या श्लोकासकट.

हे पत्र तुला देत नाही. वाचून तू मला अडवशील. तुझी नोकरी जाण्याआधी, उद्या अकराला, समितीपुढे मी हेच सांगणार आहे.

तुझा झोपाळू
गिरिधरकाका