तू लपवलेल्या पैशांबद्दल

आते, तुला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणूनच मराठीत लिहिते. तुम्हा फिलिपिनो लोकांत थोरल्या बहिणीला आते म्हणतात हे मला आधी कळलं नव्हतं, मला वाटलं तुझं नावच ते. मी सातवीत शाळा सोडलेली. दुबईत अल क्वोजच्या लाँड्रीत आले तेव्हा हॉटेलची ओली चादर इस्त्रीच्या मशीनमध्ये कशी सोडायची तेही ठाऊक नव्हतं. तू माझा हात खस्सकन मागे ओढलास, मोडक्या हिंदीत म्हणालीस, "कोपरा धर, मधे हात नाही. हात गेला की खलास." तेवढ्या शिकवणीवर माझी इतकी वर्षं निघाली, बोटं दहाच्या दहा आहेत. माझा पहिला पगार व्हायचा होता तेव्हा तू स्वतःचे जुने बूट दिलेस मला. एक नंबर मोठे होते. मी आभारसुद्धा मानले नाहीत, उलट म्हणाले, बसत नाहीत गं नीट.

पगार झाला की तुम्ही सगळ्या पैसे पाठवायच्या रांगेत. तुझ्याकडे उरायचं काय, तर खोलीतल्या एका पलंगाचं भाडं आणि फोन. आणि पलंगाखाली तो मोठा पुठ्ठ्याचा खोका. साबण, चॉकलेट, टॉवेल, डब्यातलं मांस, वर्षभर भरत बसायचीस आणि जहाजाने घरी धाडायचीस. मी विचारलं, "तुझ्या देशात साबण मिळत नाही का?" तू म्हणालीस, "मिळतो. मी मिळत नाही ना."

मग एका शुक्रवारी तू चर्चच्या हॉलमध्ये कसला तरी क्लास करून आलीस. तुमच्यातलीच एक बाई शिकवत होती, आधी स्वतःला पगार द्या, मग घरच्यांना. तेव्हा ते तुमच्या बायांना शिवी दिल्यासारखं वाटायचं. पण तुला पटलं. महिन्याला दोनशे दिरहम तुमच्या सरकारच्या बचतीत, पाच वर्षं हात लावायचा नाही. दोनशे म्हणजे तेव्हाचे तीन हजारांच्या वर रुपये, मी लगेच मनात केले. "पाच वर्षं झाली की घरी जाईन, लहानसं दुकान टाकीन. कोणाला सांगू नकोस सिस." मी मान हलवली, पण मला ते आवडलं नव्हतं. माझी आई तांदळात पैसे लपवायची, मीही लपवले, पण नवऱ्यापासून. पोरांपासून लपवायचं म्हणजे काय? मी माझ्या मुलाला पै न पै पाठवत होते आणि तू स्वतःसाठी बाजूला काढतेस. तू मला कमी आई वाटलीस. आज लिहितानाही लाज वाटते, पण वाटलीस.

साडेतीन वर्षं झालेली. जेवणाची सुट्टी आहे. तू चादरींच्या ढिगाला टेकून फोनवर बोलतेस, पलीकडे मुलगी रडतेय. तिला अठरावं लागणार, आणि तुमच्यात मुलीचं अठरावं म्हणजे आमच्याकडचं लग्नच. हॉल हवा, गाऊन हवा, अठरा मुलं एकेक गुलाब घेऊन तिच्याबरोबर नाचणार. तू म्हणतेस, "वाला, अनाक, वाला." नाहीत बाळा, पैसे नाहीत. मी ढिगामागे घड्या घालतेय. तुमच्या भाषेतले दहा-बारा शब्द मला आलेले, त्यातलेच दोन मी मोठ्याने ओरडले, "मे पेरा! मे पेरा!" आहेत, पैसे आहेत! हसत ओरडले. पोरीचं रडणं थांबलं. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

दोन दिवस तुझ्या नवऱ्याचा, सासूचा, दिराचा फोन. साडेतीन वर्षांचं साठलेलं तू मुदतीआधी मोडलंस. निळ्या गाऊनमधल्या मुलीचा फोटो दाखवलास तर मी वर तोंड करून म्हणते, "बघ, किती छान झालं. पैसा असतो कशाला मग?" तू म्हणालीस, "हो सिस." आणि काँट्रॅक्ट वाढवून घेतलंस. त्या वाढवलेल्या वर्षांतच तुझ्या छातीत गाठ आली. पगार कापतील म्हणून तू दाखवायला गेली नाहीस. गेलीस तेव्हा उशीर झाला होता. घरी परतलीस आणि वर्षही काढलं नाहीस. दुकान टाकून बसली असतीस तर गाठ आली नसती असं मी म्हणत नाही. पण तिथे पगार कापणारं कोणी नव्हतं.

आता तुझी मुलगी आमच्याच लाँड्रीत हिशेबाला बसते. मला तीता म्हणते, मावशी. तिच्या वयाच्या तुमच्या पोरी वेगळ्याच निघाल्या गं. पगार झाला की रांगेत नाहीत, पैसे फोनवरूनच. आधी स्वतःचा फंड, मग घरी, तेही ठरलेलंच. भावाने मोटरसायकल मागितली तर सरळ नाही म्हणाली. जुन्या बाया नाक मुरडतात, "हिला माया नाही." तुझ्याबद्दल मी म्हणायचे तेच.

मागच्या आठवड्यात जेवताना ती नव्या मुलींना सांगत होती, "माझ्या मम्मासारखं करू नका. सतरा वर्षं इथे राबली आणि एक बॅग घेऊन परत आली. पगाराच्या दिवसाची श्रीमंत. पैशाची अक्कलच नव्हती तिला." माझं डोकंच फिरलं. "ए, तोंड सांभाळ. तुझ्या आईने साठवलं होतं. तुझ्या गाऊनला गेलं ते." बोलून गेले आणि कळलं, तोच उद्योग मी परत केला. फक्त या वेळी रडणारं कोणी नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "तेव्हा कोणीतरी मागून ओरडलं होतं, तीता. मम्मा म्हणाली टीव्ही होता. कोण होतं?"

टीव्ही. तू तिला टीव्ही सांगितलंस.

मी म्हणाले, "असेल तुमच्यातलीच कोणी. खूप जणी होत्या तेव्हा." ती म्हणाली, "भेटली कधी तर मला दाखव." मी म्हणाले, "इन्शाल्ला."

हे पत्र कुठे पाठवायचं? तुझ्या गावचा पत्ता तिच्याकडेच मागावा लागेल, आणि ती विचारेल काय लिहिलंस. राहू दे. कधीतरी तिला खरं सांगेन असं लिहून संपवणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? ती रोज माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातलं खाते. ते मला सोडवत नाही.