रुमालाखालची बोटं

कार्तिक शुद्ध ७, शके १८६८

—शेळी पिळून झाली होती. लेंड्यांची पाटी उकिरड्यावर टाकून मी भाकरीचं पीठ मळायला बसले, तेवढ्यात हे आले. माझ्या हातावर धोतराचा सोगा टाकला आणि खालून तीन बोटं दाबली. "सांग, किती?" मी म्हटलं, "साठ." "बराबर!" पीठ दोघांच्याही हाताला.

सकाळपासून तेच आठवतंय; त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, कपड्याखाली, न बोलता. एक बोट म्हणजे वीस. बायामाणसांना हे येत नसतं. मला यांनी घरात शिकवलं म्हणून येतं, हे कुणाला ठाऊक नाही.

माझा पोरगा काकासाहेब कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीला आलाय. बापासारखेच लांब हात.

शुद्ध ९

बद्रीनाथ आला होता. गावातलाच, हैदराबादेत बी. ए.ला, काकासाहेबाच्या दोन वर्षं पुढं. ओसरीवर तिघांना घेऊन बसला — काकासाहेब, रखमाजीचा भुजंग आणि कडूबा. तिघांनाही नोकरी नको, व्यापार करायचाय. जालन्याच्या ज्या कापसाच्या व्यापाऱ्याकडं तो आधी उमेदवार होता, त्याला त्यानं स्वतः चिठ्ठी लिहिलीय : पोरांना सुट्टीत उमेदवार म्हणून गादीवर बसवा, जबाबदारी माझी. आधी काकासाहेब जाणार. तो बरा निघाला तर बाकीचे दोघं.

"पहिले आठ दिवस तोंड बंद, डोळे उघडे. जे येत न्हाई ते येत न्हाई म्हणायचं. शेठ हसंल. हसू द्या!"

"तुला हसल्ते का?" कडूबानं विचारलं.

"मला? मी तर पहिल्याच दिवशी शेठच्या तक्क्याला टेकून बसलो! हसायचं सोडून उठवलंच मला."

पोरं लोळून हसली. आमच्यासारख्या घरच्या पोरांना या गोष्टी दुसरं कोण सांगतं?

शुद्ध १०

पोर मागं पडू नये म्हणून मी त्याला रुमालाखालची बोटं शिकवली. वर सांगितलं, "शेठनं विचारलं तर येतं म्हण." दुसरं काय देणार होते मी?

शुद्ध ११

सकाळच्या मोटारीनं गेला.

शुद्ध १४

परत आला! जेवला नाही. तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. शेठनं विचारलं, बोटं कळतात का? हा म्हणाला, कळतात. कापसाच्या गाडीवाल्यानं तीन दाबली, यानं शेठला साठ सांगितले. शेठ म्हणाले, जाऊ दे. गाडी शेजारच्या दुकानी तिसांत गेली. कापसात बोट दहाचं! मला काय ठाऊक?

सगळा बाजार हसला म्हणे. "मेंढरं मोजून राह्यला का रे?" शेठनं घरी धाडलं. बद्रीनाथनं धाडलेलं पोरगं पुन्हा दारात नको म्हणाले.

"कोणी शिकवलं, इचारलं न्हाई?"

"इचारलं. मी गप बसलो, तर बद्रीनाथनंच शिकवलं असं धरलं त्यांनी. तुझं नाव बाजारात कसं घेऊ, माय?"

पौर्णिमा

रखमाजी बद्रीनाथच्या दारात उभा राहून ओरडला. "बोटं शिकवायची तर नीट तरी शिकवायची! आमच्या पोरांचंबी वाटोळं केलं!" गावानं ऐकलं.

संध्याकाळी बद्रीनाथ आमच्याकडं आला. "मावशी, माझंच चुकलं. मीच नीट सांगायला पायजे व्हतं." काकासाहेब आत, भिंतीकडं तोंड करून. मी बद्रीनाथला ताक दिलं. पेला विसळून ठेवला.

मला बोटं येतात म्हटलं तर बाया विचारतील, कुणाकुणाचा हात धरला होता? आणि सांगायला हे नाहीत.

वद्य १

बद्रीनाथनं भुजंगला आणि कडूबाला सांगितलं म्हणे, आता मला काही विचारत जाऊ नका.

वद्य ३

जालन्याला जाऊन आले. एकटी. गादीच्या पायरीशी उभी राहिले आणि सांगितलं — बोटं मी शिकवली, मेंढरांच्या बाजारातली. बद्रीनाथनं नाही. मुनीम हसला. शेठ हसले नाहीत.

"भुजंगला, कडूबाला पाठवा. तुमच्या पोराला न्हाई."

"चूक माझी हाय, शेठजी."

"चूक माफ. दुसऱ्याचं नाव जाऊन राह्यलं, अन् ह्यो गप बसला."

"माझ्यासाठी बसला."

"ते कळलं, बाई," म्हणाले. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मोटारीतून उतरून आधी बद्रीनाथच्या घरी गेले, त्यालाही खरं सांगितलं.

वद्य ४

शेठचे शब्द काकासाहेबाला जसेच्या तसे सांगितले; माझ्यासाठी गप बसलास म्हणून त्याला सावरलं नाही.