विहिरीत वाळू आली त्याची हकीकत

खाडीकाठ, पनवेल
बुधवार, २० डिसेंबर १९६७

तीर्थरूप सोनाआक्का हिच्या पायांशी धाकट्या काशिरामचा दंडवत. आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते कळव, आणि दाजींची तंबाखू कमी झाली का तेही. (दाजी, पत्र तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवत असणार. कंसातलं तेवढं मनात वाचावं. हा कंसही मनातच.)

अकरा तारखेला पहाटे धरणी हलली ती तुम्हाला उरणलाही कळली असेलच. कोयनेकडे माणसं गेली, गावं बसली. ते वाचलं की घास उतरत नाही. आपल्याकडे कुणी दगावलं नाही, म्हणूनच पुढचं मी हसत लिहितो आहे. आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो, हादरा थांबला, सुटलो म्हणालो, आणि मग मिठागराच्या अंगाची जमीन आतून पाणी ओकायला लागली. पायाखालची माती पेजेसारखी पातळ झाली, भेगांतून करडी वाळू बुडबुडत वर आली आणि जागोजाग भाताच्या राशीएवढे ढीग झाले. पाहणीला आलेले ओव्हरसियर म्हणाले, खाली ओली वाळू असली की हादऱ्याने असं होतं. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, अशी शेजारच्या विठूची तक्रार आहे. आपल्या पडवीचा एक खांब वीतभर खचला. आता ताटात पेज वाढली की एका कडेला जाते, तेव्हा मी त्याच कडेला बसतो.

पण घराचं मी मनावर घेतलं नाही. खरा घाव बसला तो विहिरीवर. तुला ठाऊकच आहे, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही एकच गोडी विहीर, तिच्यावर आपली चोवीस घरं. तिच्यात खालून वाळू चढली ती काठापासून हातभर खाली येऊन थांबली. पोहरा सोडला तर ठप्प आवाज. दादूने त्याच दिवशी बोचकं बांधलं आणि करंजाड्याला मेव्हण्याकडे जागा बघून आला. त्याचं बघून आणखी सात घरांनी बोचकी बांधली. बाकीच्यांनी ठरवलं, घरटी एक माणूस आणि एक घमेलं, विहीर उपसायचीच. (मी सगळ्यांत पुढे होतो असं आक्काला वाटलं तर वाटू द्यावं. कंबर धरल्यामुळे मी घमेली मोजत होतो.)

सहा दिवस रांग लागली. बाया पुढे, गडी मागे, कारण बाया मागे असल्या की गड्यांना शिव्या खाव्या लागतात. सुरुवातीला वाळू टाकायला कुणी आपल्या दारात जागा देईना. मग गवंडीकाम करणारा कमळाकर सहज म्हणाला की गिलाव्याला अशी बारीक वाळू पनवेलच्या बाजारातही मिळायची नाही. त्या क्षणापासून वाळूवरून भांडणं. गुणाबाईने तर इतक्या आवेशाने वाळू नेली की स्वतःच्या अंगणातली चांगली मातीही उचलून घरात टाकली. सातव्या दिवशी तळाला पाणी आलं, आठव्या दिवशी निवळलं.

आता खरी गंमत. पाणी गोडं की खारं ते बघायला सगळा गाव जमला. विठू म्हणाला खारं. गुणाबाई म्हणाली गोडं. कमळाकर म्हणाला, आधी गोडं मग खारं. तासभर असा वाद चालला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळे मिठागरातून थेट आलेले, आणि ज्याने त्याने ओंजळीनेच पाणी प्यायलेलं. हात धुऊन पुन्हा चाखलं तरी तेच. आक्का, जन्मभर मीठ ओढून आमच्या जिभा निबर झाल्या आहेत, त्यांना साखरसुद्धा जरा खारट लागते. रविवारी बैठक आहे. पाणी खारं ठरलं तर बोचकी सुटायची नाहीत आणि गाव उठेल. आपण जन्मलो तो गाव.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, तुझं. उरणात राहून मीठ चिमटीने खाणारी, कालवणात दोन खडे जास्त पडले तर वासावरून सांगणारी दुसरी जीभ आमच्या माहितीत नाही. (दाजी, तुम्हाला ठाऊकच आहे, तीन वर्षांपूर्वी आमच्या ओटीवर, पन्नास पाहुण्यांत, आक्का कोळंबीच्या कालवणाला खारट म्हणाली. आमची घरधनीण हौसा म्हणाली, मग आपल्या घरी जेवा. आक्का ताटावरून उठली ती अजून आली नाही. मी खाली मान घालून जेवत राहिलो. कालवण खारट होतं. तेव्हाच मी तसं म्हणायला हवं होतं.)

तरी शनिवारच्या मोटारीने अवश्य यावे. लहानांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा,
काशिराम

ता. क. जेवण गुणाबाईकडे ठेवलं आहे. हौसाकडेच जेवायचं असलं तर तसं कळव.

दुसरा ता. क. (दाजी, हा सबंध मनात वाचा. पाणी गोडं आहे. काल जनीच्या म्हशीने घमेलंभर प्यायलं आणि आणखी मागितलं. खाऱ्याला ती तोंड लावत नाही, हे गावात सगळे जाणतात. दादूने बोचकं सोडलं, रविवारची बैठकही रद्द झाली. आक्काला हे इथे आल्यावर कळू द्या, मग मी शिव्या खाईन. गेली तीन वर्षं हौसाने या घरात आक्काचं नाव घेतलं नव्हतं. त्या पहाटे जमीन हलत होती, आम्ही धावत बाहेर आलो, तर तिने माझा हात धरला आणि पहिलं बोलली ते हे: "आपलं ऱ्हाऊ द्या वो. उरनला आक्कांचं घर उबं हाय का नाय, ते आदी बघून या." त्याला आज नऊ दिवस झाले. उरणला यायचा मला धीर झाला नाही, म्हणून हे पत्र.)