खंडेनवमीचा पाना

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते मी केव्हाच ओलांडलं, आणि तरी एका गोष्टीचा उलगडा मला अजून होत नाही. खंडेनवमीच्या दिवशी पूजेतला पाना उचलून तुम्ही जन्मभराचा नेम मोडलात, तो माझ्यामुळे. तो मोडायची गरज नव्हती हे मला ठाऊक होतं. तुम्हांला ठाऊक होतं का, तिथेच माझं डोकं अडून बसतं. काल हुडकेश्वरच्या चौकात एका बसचं चाक बदलणं चाललं होतं, ते बघत मी भाजीची पिशवी घेऊन अर्धा तास उभा राहिलो. घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "बाबा, इतका उशीर काहून झाला?" मी पिशवी तिच्या हातात दिली.

एशियाड झालं ते वर्ष. आपण दोघं ज्यांच्या शेडमध्ये काम करायचो त्या मालकांची जुनी बस खापरखेड्याच्या वीजकेंद्रावर कामगारांना नेत-आणत असे. तिच्या नटांची तोंडं निमुळती होती. ती चाकाच्या भोकांत जाऊन बसायची आणि नटांच्याच जोरावर चाक मधोमध राहायचं. नव्या गाड्यांत चाकाचा भार मधल्या तुंब्यावर, म्हणजे हबवर बसतो, नट सपाट असतात आणि फक्त दाबून धरतात. मी मालकांच्या मागे लागून लिलावातल्या एका नव्या चासीचे हब आणि चाकं आणवली. तुम्ही म्हणालात, "वीस वरसं झाली हे चाकं फिरून राहिले. त्यायनं तुले काय म्हटलं गा?" पण काम हाती घेतल्यावर तुमच्यासारखं कोण करणार? मी स्टेपनी बदलायची विसरलो होतो. नव्या हबवर जुनं चाक चढलं असतं तर वाटेत निखळलं असतं, ते तुम्ही ओळखलंत, आणि मग माझी थट्टा करत आठवडाभर येईल त्याला सांगत सुटलात, "आमच्या साहेबाची गाडी पंक्चरच होत नाही बावा!"

तुमच्याकडूनही एक चूक झाली, ती मात्र मी कोणाला सांगितली नाही. चाकं छान दिसावीत म्हणून तुम्ही त्यांना रुपेरी रंगाचे दोन हात दिलेत, हबला टेकणाऱ्या जागेवरसुद्धा. पहिल्या फेरीत तो रंग दबणार आणि नट सैल पडणार, हे मला कळत होतं. म्हणून मी एवढंच म्हणालो की पहिली फेरी झाली की नट पुन्हा कसायचे. घोळ असा झाला की पहिली फेरी नेमकी खंडेनवमीला पडली. वीजकेंद्राला सण नसतो.

सकाळची पाळी सोडून बस दहा वाजता परत आली. शेडमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांतलं एकही उचलायचं नाही. लहानपणी मी त्या दिवशी नुसता स्क्रू ड्रायव्हर उचलला म्हणून तुम्ही मला जेवायला बसू दिलं नव्हतं. "बाबा, नट कसावे लागतीन," मी म्हणालो. तुम्ही पाटाकडे पाहिलंत. "आज पाना उचलाचा नसते," एवढंच म्हणालात आणि आंघोळीला घरी गेलात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुपारच्या पाळीची चाळीस-पन्नास माणसं त्या बसमध्ये बसणार होती.

मी शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांची हत्यारं पूजेत नव्हती. "ले जा बेटा, जल्दी वापस कर," ते म्हणाले. मी पान्याच्या दांड्याला पाइप लावून, त्यावर उभं राहून चारी बाजूंचे नट कसले. चांगले अर्धा-अर्धा फेरा फिरले. पाना परत करून नळावर हात धूत होतो तेव्हा तुम्ही आलात, ओल्या केसांनी, धुतलेला सदरा घालून. पाटासमोर बसलात, पान्यावरचं फूल बाजूला ठेवलंत, पाना कपाळाला लावलात आणि उठलात. मी ओरडून सांगायला हवं होतं. तुम्ही एकेका नटाला पाना लावलात, पण पाय एकदाही लावला नाहीत, सगळा जोर हातांनी. घामाने सदरा पाठीला चिकटला. मी नळ चालूच ठेवून बघत राहिलो.

त्याच हिवाळ्यात आई आजारी पडली. धंतोलीच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर आपण दोघं बसलो होतो. माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी नट खरंच ढिले होते काय गा?"

"हो बाबा, चांगलेच ढिले होते. तुम्ही कसले म्हणून निभावलं."

तुम्ही मान हलवलीत. चार दिवसांनी आई गेली. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही म्हणालात, "पूजा तूच मांड. माह्या हातानं नको." त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही ती मांडली नाहीत.

तुमचा हात नट हलला की नाही ते डोळे मिटूनही सांगायचा. मग त्या दिवशी त्याला कळलं नसेल? कळलं असेल तर बाकावर मला का विचारलंत? मी खरं बोलावं म्हणून, की आपण उगाच पाप केलं नाही असं कोणीतरी सांगावं म्हणून? खरं सांगितलं असतं तर तुम्ही सुटला असता की जास्तच खचला असता? मला कळत नाही, बाबा. एकदा एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते खोटं तुमच्या समाधानासाठी होतं. तसं नव्हतं. खरं सांगायचं म्हटलं असतं तर सणाच्या दिवशी चाचांचा पाना आणला हेही सांगावं लागलं असतं. आत आई मरत होती, मी अठ्ठावीस वर्षांचा, एका पोराचा बाप होतो, आणि त्या बाकावर मला भीती वाटली की तुम्ही रागवाल.